सॉसेजमधले विष आणि कपाळावरची आठी

कपाळावरच्या आठ्या घालविणारे 'बोटॉक्स' नावाचे इंजेक्शन हल्ली लग्नघरातल्या गप्पांतही ऐकू येते. ते मुळात एक विष आहे, आणि तेही माणसाला ठाऊक असलेल्या विषांतले अत्यंत जहाल, हे मात्र पुष्कळजणींना माहीत नसते. विषाचे औषध आणि औषधाचे प्रसाधन कसे झाले, ती हकीकत मला मोठी मनोवेधक वाटते.

एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी जर्मनीतील व्युर्टेंबर्ग राज्यात सॉसेज खाऊन माणसे दगावत. एकाचे दोन दिसू लागे, पापण्या गळत, घास उतरेनासा होई आणि शेवटी श्वास कोंडे. शुद्ध मात्र बहुधा अखेरपर्यंत टिके. युस्टिनुस केर्नर या डॉक्टराने (गृहस्थ कवी म्हणूनही नावाजलेला!) १८२० साली अशा ७६ रोग्यांची व १८२२ साली १५५ रोग्यांची माहिती प्रसिद्ध केली. त्याने हे विष स्वतःवरही आजमावले. मज्जातंतूंकडून स्नायूंना जाणारा निरोपच ते अडविते, हे त्याने ताडले. आणि अगदी अल्प मात्रेत ते औषधही ठरेल, असे लिहून ठेवले. ते खरे ठरायला दीडशे वर्षे लागली.

पुढे १८९५ साली बेल्जममधील एलझेल गावी अंत्यविधीला वाजविण्यास आलेल्या वादकांनी खारविलेले डुकराचे मांस खाल्ले. तिघे मृत्यू पावले. त्या मांसातून एमिल व्हान एर्मेंगेम यांनी हवेविना वाढणारा जंतू शोधून काढला. लॅटिन भाषेत सॉसेजला 'बोट्युलस' म्हणतात, त्यावरून हे नाव. (पुरेशा आंबटात हा जंतू वाढत नाही, तेव्हा आपल्या कैरीच्या लोणच्याची धास्ती नको.)

औषधाचा मान त्याला मिळवून दिला तो सान फ्रान्सिस्कोचे नेत्रतज्ज्ञ अॅलन स्कॉट यांनी. तिरळ्या डोळ्याचा ओढून धरणारा स्नायू शस्त्राविना सैल करावा, एवढाच त्यांचा हेतू होता. माकडांवरचे प्रयोग १९७३ साली आणि माणसांवरचे १९८० साली प्रसिद्ध झाले. १९८९ मध्ये अमेरिकन सरकारने मान्यता दिली. त्याच वेळी आणखी एका विकारासाठीही ती मिळाली. या विकारात पापण्या आपोआप घट्ट मिटतात. डोळे धडधाकट असूनही माणूस आंधळ्यासारखा चाचपडतो. अशांना इंजेक्शनाने पुन्हा दिसू लागले. मला विचाराल तर या औषधाचे खरे पुण्य हेच.

सौंदर्याची वाट मात्र एका रुग्ण बाईने दाखविली. कॅनडात व्हँकुव्हर येथे डॉ. जीन कॅरुथर्स याच विकारावर उपचार करीत. १९८७ साली त्या बाईने, भुवयांमध्ये सुई का टोचली नाही, तेथे टोचली की चेहरा कसा शांत दिसतो, अशी तक्रार केली! डॉक्टरीणबाईंचे यजमान त्वचारोगतज्ज्ञ. दोघांनी मिळून १९९२ मध्ये निबंध प्रसिद्ध केला आणि २००२ साली अमेरिकेत आठ्यांसाठी परवानगी मिळाली. गुण येतो तो तीन-चार महिनेच. मग पुन्हा सुई, पुन्हा पैसे.

आता धोक्याचे. हात चुकला तर पापणी काही आठवडे लोंबते. औषध टोचल्या जागेपलीकडे पसरले तर गिळण्यास व श्वास घेण्यास त्रास होतो. तसा ठळक इशारा २००९ पासून अमेरिकेत वेष्टनासोबत छापावा लागतो. स्नायू दुबळे करणारा आजार असेल, दिवस गेले असतील किंवा मूल अंगावर पीत असेल, तर डॉक्टरांना आधी सांगावे. २००४ साली फ्लोरिडात प्रयोगशाळेसाठीचे, माणसाला न देण्याचे विष टोचल्यामुळे चारजण लुळे पडून रुग्णालयात पोचले. स्वस्तात मिळते म्हणून कोणा पार्लरवालीकडून टोचून घेणे मला तरी मुळीच पटत नाही.

याच जंतूची एक गोष्ट आपल्या घरातली आहे. नवजात बाळाला मधाचे बोट चाटविण्याची आपल्याकडे चाल आहे. पण मधात या जंतूची बीजे असू शकतात. मोठ्यांना ती बाधत नाहीत. तान्ह्याच्या कोवळ्या आतड्यात मात्र रुजून तेथेच विष तयार करतात, हे १९७६ साली उघडकीस आले. म्हणून वर्षाच्या आतल्या मुलाला मध देऊ नये, असे डॉक्टर सांगतात. आमच्या नातवाच्या वेळी मधाची बाटली मी फडताळातच ठेवली.