नऊ नोव्हेंबर : फळ्यावर काय लिहायचे?

महाराष्ट्रातील शाळेची सकाळ परिपाठाने सुरू होते. राष्ट्रगीत, प्रतिज्ञा, प्रार्थना, सुविचार आणि मग दिनविशेष. आम्हा उर्दू माध्यमाच्या शिक्षकांकडेही हाच क्रम असतो. सुविचाराला तेवढे आम्ही 'अकवाले जरीं' म्हणतो. सुविचार शिक्षक निवडतो हे मुलांना ठाऊक असते. दिनविशेष मात्र त्यांना सूर्य उगवण्याइतका आपोआप आलेला वाटतो. प्रत्यक्षात तोही कोणीतरी निवडलेलाच असतो. एका तारखेला शंभर गोष्टी घडलेल्या असतात आणि फळ्यावर जागा दोन-तीन ओळींची. त्या ओळी कोणत्या, यावर बरेच काही अवलंबून असते.

९ नोव्हेंबर ही तारीख घेऊ. दिवाळीची सुट्टी आड आली नाही, तर या दिवशी उर्दू शाळेच्या फळ्यावर अल्लामा इकबाल यांचे नाव येते. १८७७ साली याच दिवशी सियालकोटला त्यांचा जन्म झाला, असे मानले जाते. त्यांच्या नावाने या दिवशी 'यौमे उर्दू'ही साजरा होतो. शेजारच्या मराठी शाळेच्या फळ्यावर त्याच सकाळी महर्षी धोंडो केशव कर्वे यांचे नाव असते. १०४ वर्षांचे आयुष्य जगून १९६२ साली याच दिवशी त्यांनी पुण्यात देह ठेवला. दोन शाळांमध्ये एक भिंत आणि भिंतीच्या दोन बाजूंना दोन ओळी. आमच्या मुलांना कर्वे भेटत नाहीत, त्यांच्या मुलांना इकबाल भेटत नाहीत.

खरे तर कर्वे आमच्या मुलांच्या ओळखीचे व्हायलाच हवेत. ते कोकणातल्या मुरुडचे. जंजिऱ्याच्या नव्हे, दापोली तालुक्यातल्या. शाळकरी वयात ते परीक्षेसाठी डोंगर-घाट ओलांडून पायी साताऱ्याला गेले आणि वयाने फारच लहान दिसतो म्हणून त्यांना परीक्षेला बसू दिले गेले नाही. तोच मुलगा पुढे फर्ग्युसन कॉलेजात गणिताचा प्राध्यापक झाला. १८९३ साली त्यांनी विधवेशी विवाह केला, तेव्हा गावाने बहिष्कार घातला. त्यांनी उत्तर दिले ते कामाने. १८९६ साली विधवांसाठी आश्रम काढला आणि १९१६ साली महिला विद्यापीठ. त्या विद्यापीठात शिक्षण मातृभाषेतून द्यायचे, हा त्यांचा आग्रह होता. उर्दू शाळेत मूल घालावे की इंग्रजी, या प्रश्नाने हैराण झालेल्या आमच्या पालकांना ही गोष्ट आम्ही सांगायला हवी.

या तारखेला पायी शाळेत जाणारा आणखी एक मुलगा आहे. केरळमधील उळवूर गावच्या गरीब दलित घरातला. तो रोज कित्येक किलोमीटर चालत शाळेत जाई आणि फी थकली की वर्गाबाहेर उभा राहून धडा ऐके. त्याचे नाव के. आर. नारायणन. १९९७ साली ते भारताचे राष्ट्रपती झाले आणि ९ नोव्हेंबर २००५ रोजी दिल्लीत त्यांचे निधन झाले. वर्गाच्या दाराबाहेर उभे राहण्याचा अर्थ ज्या मुलांना सांगावा लागत नाही, त्यांच्यापर्यंत हे नाव पोहोचायलाच हवे.

आता पुन्हा इकबालांकडे. त्यांना फळ्यावर अर्धेच लिहिण्याची आपल्याकडे रीत आहे. १९०४ साली त्यांनी 'तराना-ए-हिंदी' लिहिला. १९८४ साली अंतराळातून भारत कसा दिसतो, असे पंतप्रधान इंदिरा गांधींनी विचारले, तेव्हा राकेश शर्मांच्या तोंडी याच तराण्याचे शब्द आले. हे एक अर्ध. दुसरे अर्ध १९३० सालच्या अलाहाबादच्या अध्यक्षीय भाषणाचे. त्यात त्यांनी वायव्य भारतात मुस्लिम राज्याची कल्पना मांडली. कोणी पहिलेच अर्ध सांगतो, कोणी दुसरेच. २०१९ च्या ऑक्टोबरमध्ये उत्तर प्रदेशातील पिलीभीत जिल्ह्यात एका मुख्याध्यापकांना इकबालांची 'बच्चे की दुआ' मुलांकडून म्हणवून घेतल्याबद्दल निलंबित करण्यात आले. पुढे निलंबन मागे घेतले गेले. पण अर्धा इतिहास किती महागात पडतो, हे त्यातून दिसले. पूर्ण इकबाल सांगितल्याने मुले बिघडत नाहीत. माणूस बदलतो, त्याचे विचार वळणे घेतात, हे त्यांना कळते.

इकबालांनी डॉक्टरेट मिळवली ती जर्मनीतील म्युनिक विद्यापीठातून. ९ नोव्हेंबर या तारखेने सर्वांत मोठा घाव घातला तो जर्मनीवर आणि त्याची मुळेही म्युनिकमध्येच आहेत. १९२३ साली त्या शहरात हिटलरने सत्ता बळकावण्याचा प्रयत्न केला. ९ नोव्हेंबरला पोलिसांच्या गोळीबारात त्याचा मोर्चा उधळला गेला. पुढे सत्तेवर आल्यावर नाझींनी हा दिवस हुतात्मा दिन म्हणून थाटाने पाळायला सुरुवात केली. १९३८ साली याच स्मरणासाठी म्युनिकमध्ये जमलेल्या पुढाऱ्यांसमोर गोबेल्सने चिथावणीचे भाषण केले आणि त्या रात्री देशभर ज्यूंची प्रार्थनास्थळे पेटली. सुमारे ७,५०० दुकाने फोडली गेली. जवळजवळ ३०,००० ज्यू पुरुषांना छळछावण्यांत नेले. वर नुकसानीचा दंड ज्यूंवरच बसवला, एक अब्ज मार्कांचा. हे सारे घडले एका 'दिनविशेषा'च्या दिवशी. दिवस पाळणे ही नेहमीच निरुपद्रवी गोष्ट नसते, हे आम्ही शिक्षकांनी यातून शिकावे.

त्याच जर्मनीत त्याच तारखेला १९८९ साली बर्लिनची भिंत उघडली. १९६१ पासून ती शहराचे दोन तुकडे करून उभी होती. पूर्व जर्मन प्रवक्ता शाबोव्स्की याने पत्रकार परिषदेत प्रवासाचे नवे नियम तत्काळ लागू असल्याचे सांगून टाकले. लोक नाक्यांवर लोटले आणि पहारेकऱ्यांनी फाटके उघडली. दुसऱ्या वर्षी देश एक झाला. राष्ट्रीय दिवस म्हणून ९ नोव्हेंबर हीच तारीख अनेकांच्या ओठांवर होती, परंतु १९३८ ची रात्र त्याच तारखेत होती. जर्मनीने राष्ट्रीय दिवस ठरवला ३ ऑक्टोबर. आनंदाच्या दिवसाखाली लाजेचा दिवस गाडायचा नाही, एवढे भान त्या निर्णयात होते.

आपल्या देशातही या तारखेने एकाच दिवशी दोन चित्रे दाखवली. ९ नोव्हेंबर २०१९, शनिवार. दुसऱ्या दिवशी ईद-ए-मिलाद होती. सकाळी सर्वोच्च न्यायालयाच्या पाच न्यायमूर्तींनी अयोध्येचा निकाल दिला. वादग्रस्त जागा मंदिरासाठी आणि मशिदीसाठी अन्यत्र पाच एकर. १९९२ सालचा मशिदीचा विध्वंस बेकायदा होता, हेही त्याच निकालपत्रात आहे. निकाल सांगताना हे वाक्य गाळायचे नाही आणि निकाल पटला नाही म्हणून तो झालाच नाही असेही वागायचे नाही. त्याच दिवशी पंजाबच्या सीमेवर कर्तारपूरचा मार्ग खुला झाला आणि गुरू नानकांच्या ५५० व्या जयंतीसाठी यात्रेकरू पाकिस्तानातील गुरुद्वाऱ्यात पोहोचले. २०२५ च्या मे महिन्यात दोन्ही देशांतील संघर्षात भारताने ही यात्रा थांबवली. उघडलेली दारे जपावी लागतात.

याच तारखेला आपल्याकडे विधी सेवा दिनही असतो. गरिबांना मोफत कायदेशीर मदत देणारा १९८७ चा कायदा ९ नोव्हेंबर १९९५ रोजी अमलात आला. त्यानुसार स्त्रीला, मुलाला, अनुसूचित जाती-जमातीच्या माणसाला किंवा कोठडीत असलेल्याला वकील मागण्याचा हक्क आहे. न्यायालयाची पायरी चढायला घाबरणाऱ्या आमच्या वस्त्यांतील माता-भगिनींना ही ओळ कळली, तर त्या दिवशीचा फळा सार्थकी लागला म्हणायचा.

तारखा कोणत्याही कौमच्या मालकीच्या नसतात. इकबाल आमचे आणि कर्वे त्यांचे, ही वाटणी मुले घरून घेऊन येत नाहीत. ती आम्हीच खडूने फळ्यावर करतो. म्हणून येत्या ९ नोव्हेंबरला उर्दू शाळेच्या फळ्यावर उर्दू लिपीत कर्व्यांचे नाव यावे आणि शेजारच्या शाळेत देवनागरीत इकबालांचे. बर्लिनची भिंत लिहिली, तर त्याखाली १९३८ ची रात्रही लिहावी. जागा कमी पडली, तर अक्षर बारीक काढावे. मुलांची नजर चांगली असते, ती वाचतील.