मेचनिकॉफच्या नावावर चढलेली कळी

दह्याचं माहात्म्य युरोपला पटवणाऱ्या मेचनिकॉफनं 1888 मध्ये डॅफ्निया या पाण्यातल्या बारीक जिवाच्या अंगात एक परजीवी पाहिला. फांद्या फुटलेले झुबके, उभे चिरत वाढणारे. पाश्चरवरून त्यानं नाव ठेवलं ‘पाश्चुरिया रामोसा’. या जिवाला कळी येत नाही. तरी कळीतून वाढणाऱ्या जिवाणूंचा सातबारा अर्धशतकभर त्याच्याच नावावर राहिला!

जिवाणू म्हटला की मधोमध चिरून त्याचे दोन व्हायचे. नेगेलीनं 1857 मध्ये अख्ख्या वर्गाला नावच ‘चिरणारी बुरशी’ या अर्थाचं दिलं होतं. कळी यायची ती यीस्टला. म्हणून गिमेशीनं 1924 मध्ये बुडापेस्टच्या तळ्यात देठांवरचे गोल पाहिले, तेव्हा सरळ बुरशीत टाकले. ते जिवाणू आहेत हे हिर्शनं 1972 मध्ये दाखवलं.

मधल्या काळात, 1935 मध्ये, हेन्रिची आणि जॉन्सन या अमेरिकन जोडीला तळ्याच्या पाण्यात बुडवलेल्या काचांवर कळ्या येणारे जिवाणू सापडले. त्यातल्या काहींना त्यांनी पाश्चुरियाच्या घरात घातलं. 1973 मध्ये स्टेलीनं असाच एक जिवाणू प्रयोगशाळेत वाढवला, तोही त्याच नावानं. पेशीच्या एका टोकाला बारीक फुगवटा येतो, वाढतो, सुटतो आणि शेपटी हलवत पोहत जातो, आई जागेवरच. पुढे कळलं, की पेशी चिरताना बहुतेक जिवाणू ज्या एफटीएसझेड प्रथिनाचं कडं आवळतात, ते या कुळात नाहीच.

घोटाळा का झाला? आकारामुळे, असं म्हणता येईल. दोन्हींत नासपतीसारख्या पेशी दिसतात. मला हे अपुरं वाटतं. मेचनिकॉफचा जीव डॅफ्नियाच्या आत होता, हे बाहेर चिकटणारे. तो उभा चिरतो, असं त्यानं स्पष्ट लिहून ठेवलं होतं. माझ्या मते थोरामोठ्याचा हरवलेला जीव परत सापडल्याचा मोहच नडला.

1977 मध्ये खरा पाश्चुरिया डॅफ्नियाच्याच नात्यातल्या मॉयना या जिवाच्या अंगात पुन्हा सापडला. तो बीजाणू धरणारा, अगदी वेगळ्या घराण्यातला निघाला. मग स्टेलीच्या जिवाणूला 1984 मध्ये नासपतीवरून नवं नाव मिळालं, ‘पिरेला’. तेही टिकलं नाही. त्या नावाची एक बुरशी आधीच नोंदलेली होती. 1987 मध्ये त्याचं ‘पिरेल्युला’ झालं.