काळ्या पेल्यातील कॉफी

लंडनमध्ये पहिले कॉफीगृह १६५२ साली उघडले. पुढे अठराव्या शतकाच्या पूर्वार्धात त्याच शहरात एक काळसर, कडवट बीअर लोकप्रिय झाली. ओझी वाहणारे हमाल ती आवडीने पीत, म्हणून तिला ‘पोर्टर’ हे नाव पडले. तिचा अधिक कडक प्रकार तो ‘स्टाउट’. व्यापारी आणि पंडित कॉफी पीत वाद घालीत, श्रमिक पोर्टर पिऊन शीण घालवीत. दोन्ही पेये काळी, दोन्ही कडू, दोन्हींना विस्तवाची धग लागलेली. तरीही एकाच पेल्यात उजळ माथ्याने नांदण्यासाठी त्यांना विसाव्या शतकाची अखेर गाठावी लागली. या विलंबाचे कारण माणसांच्या रुचीपेक्षा राजकोशाच्या हिशेबात अधिक सापडते.

बीअरचे मूळ धान्य जव. ते भिजवून, मोड आणून भट्टीवर वाळवले की त्याला माल्ट म्हणतात. पोर्टरसाठी हा माल्ट तपकिरी होईपर्यंत तापवीत. परंतु अठराव्या शतकाच्या उत्तरार्धात द्रवाची घनता मोजणारे उपकरण बीअरच्या कारखान्यांत आले. जॉन रिचर्डसन याने १७८४ मध्ये या मापनावर ग्रंथच लिहिला. तपकिरी माल्टपेक्षा फिकट माल्ट अधिक सत्त्व देतो, हे आकड्यांनी सिद्ध झाले. माल्टवर कर असल्याने कारखानदार साहजिकच फिकट माल्टकडे वळले. पण त्यामुळे पोर्टरचा काळेपणा हरपला. तो परत आणण्यासाठी जळकी साखर पिंपांत पडू लागली. कोणी कोणी तर नशा वाढवण्यासाठी पूर्वेकडून येणारी काकमारीची विषारी बीजेही वापरीत. अखेर १८१६ मध्ये ब्रिटिश संसदेने माल्ट आणि हॉपची फुले यांवाचून अन्य कोणताही पदार्थ घालण्यास बंदी केली.

या बंदीतून वाट काढली डॅनियल व्हीलर याने. १८१७ मध्ये त्याने लोखंडी नळकांड्यात माल्ट फिरवीत, सुमारे २०० अंश सेल्सिअसपर्यंत तापवून भाजण्याच्या रीतीचे पेटंट घेतले. हे साधन कॉफीच्या बिया भाजण्याच्या यंत्राचेच भावंड होते. त्या काळ्या माल्टची थोडकी मात्रा सगळ्या पिंपाला रंग देई, आणि कायदाही मोडत नसे. १८१९ मध्ये न्यायालयाने ते पेटंट रद्द ठरवले. ‘पेटंट माल्ट’ हे नाव मात्र टिकून राहिले. प्रखर उष्णतेने धान्यात आणि कॉफीच्या बियांत पुष्कळशा सारख्याच रासायनिक क्रिया घडतात. म्हणून कॉफीचा कणही न घालता स्टाउटला कॉफीची चव आली.

१८८० मध्ये ग्लॅडस्टनने माल्टवरील कर उठवून तो बीअरवर बसवला. कारखानदारांना घटकद्रव्यांची मोकळीक मिळाली, परंतु घरी बीअर करणारे परवान्याच्या बंधनात आले. ज्यांना मुभा होती त्यांना प्रयोगाची फारशी निकड नव्हती; ज्यांना हौस होती त्यांना मुभा नव्हती. ब्रिटनमध्ये हा परवाना १९६३ मध्ये रद्द झाला. अमेरिकेत १९३३ साली दारूबंदी उठली, तेव्हा घरगुती वाइनला सूट मिळाली, बीअरला नाही. राष्ट्राध्यक्ष कार्टर यांनी १९७८ मध्ये संबंधित विधेयकावर सही केली आणि पुढील वर्षापासून दोन प्रौढांच्या घरास वर्षाला २०० गॅलन बीअर करण्याची केंद्रीय मुभा मिळाली. मिसिसिपी आणि अलाबामा या राज्यांनी मात्र २०१३ पर्यंत दार उघडले नाही.

घरगुती पिंप साधारण पाच गॅलनचे. प्रयोग फसला तर नुकसान एका पिंपाचे. त्यामुळे नवे काही करून पाहण्याचे धाडस तेथे सहज होते. कॉफी उकळली की कडवटपणा वाढतो, आणि आंबण्याच्या वेळी घातली तर निघणाऱ्या वायूबरोबर तिचा सुगंध उडून जातो. म्हणून पुष्कळ जण भरड दळलेली कॉफी थंड पाण्यात रात्रभर भिजवतात, गाळतात आणि आंबणे संपल्यावर तो अर्क स्टाउटमध्ये मिसळतात. १९९५ मध्ये सिएटलच्या रेडहुक कारखान्याने स्टारबक्सची कॉफी घातलेली स्टाउट बाजारात आणली.

१८१६ मध्ये जी भेसळ ठरली असती, ती अशा रीतीने कला ठरली. माल्टमध्ये काकमारी घालणारा फसवीत होता, कारण तो लपवीत होता. कॉफी घालणारा तिचे नाव उघडपणे सांगतो. भेसळ आणि पाककृती यांच्यातील सीमारेषा पदार्थ आखत नाही, प्रामाणिकपणा आखतो.