मावा जात नाही? औषध बदलण्याआधी फवारणीचे दिवस मोजा

जास्वंदीच्या कळ्या उमलण्याआधीच गळतात. गुलाबाचा नवा शेंडा वाकडा होतो. वालाच्या वेलावर काळे ठिपके दिसतात आणि जवळून पाहिलं तर ते ठिपके हलत असतात. हा मावा. मग यूट्यूबवर शोध सुरू होतो. कुणी कडुनिंबाचं तेल सांगतं, कुणी तंबाखूचं पाणी, कुणी थेट कृषी सेवा केंद्रातली बाटली. एकदा फवारलं की दोन दिवस बरं वाटतं आणि आठवड्यात मावा पुन्हा हजर होतो.

अशा वेळी दोष बहुतेकदा औषधाचा नसतो. मिश्रण नीट झालेलं नसतं किंवा दुसरी फवारणी वेळेवर झालेली नसते.

मावा इतक्या लवकर परत का येतो?

मावा हा १ ते ३ मिलिमीटरचा, मऊ अंगाचा, रस शोषणारा किडा. तो हिरवा, काळा, पिवळा अशा रंगांत दिसतो. आपल्याकडच्या हवेत मादीला बहुतेक वेळा नराची गरज लागत नाही आणि अंडीही घालावी लागत नाहीत. ती थेट पिल्लांना जन्म देते. ही पिल्लं साधारण ७ ते १० दिवसांत मोठी होऊन स्वतः पिल्लं द्यायला लागतात. गर्दी वाढली की त्यातल्या काहींना पंख फुटतात आणि ते शेजारच्या कुंडीवर जातात.

पानामागे लपलेले चार-पाच मावे फवारणीतून वाचले, तरी आठवड्याभरात नवी वसाहत तयार होते. त्यामुळे पुढची फवारणी पिल्लं मोठी होण्याआधी व्हायला हवी. वेळापत्रकाचं सगळं गणित एवढंच आहे.

मलकापुरात काय वेगळं?

हे मलकापूर बुलढाण्यातलं नाही आणि कराडजवळचंही नाही. शाहूवाडी तालुक्यातलं, कोल्हापूर-रत्नागिरी रस्त्यावर आंबा घाटाच्या अलीकडचं हे मलकापूर. जून ते सप्टेंबर इथे धो-धो पाऊस असतो. या काळात दोन गोष्टी होतात. जोरदार सरींनी मावा आपोआप धुऊन जातो आणि तुम्ही मारलेली फवारणीही धुऊन जाते. म्हणून भर पावसाळ्यात फवारणीवर पैसे घालवण्यात फारसा अर्थ नाही. उघडीप मिळाली आणि मावा दिसला तरच फवारावं.

खरी काळजी पाऊस ओसरल्यावर घ्यायची. थंडीत, विशेषतः ढगाळ हवेत, वाल, चवळी, कोबी, मोहरी, शेवंती आणि गुलाबावर मावा वेगाने वाढतो.

मिश्रण कसं करायचं?

*साबणाचं पाणी:* १ लिटर पाण्यात ५ मिली (एक चहाचा चमचा) सौम्य द्रव साबण. साबण माव्याच्या अंगावरचं मेणासारखं आवरण बिघडवतो, पण तो ओला असेपर्यंतच. वाळल्यावर त्याचा काही उपयोग नाही. म्हणून पानाची खालची बाजू आणि शेंडे भिजलेच पाहिजेत. बोअरचं पाणी जड असेल तर साबण फुटतो आणि असर कमी होतो. अशा वेळी पावसाचं साठवलेलं पाणी चांगलं. कपडे धुण्याची पावडर वापरू नका, पानं करपतात.

*कडुनिंबाचं तेल:* १ लिटर पाण्यासाठी ५ मिली तेल आणि १ ते २ मिली द्रव साबण. इथे क्रम महत्त्वाचा. आधी तेल आणि साबण एकत्र घोटा, त्यात थोडं कोमट पाणी घालून दुधासारखं होईपर्यंत हलवा, मग उरलेलं पाणी ओता. तेल थेट पाण्यात ओतलं तर ते वर तरंगतं. मग पंपातून आधी नुसतं पाणी आणि शेवटी नुसतं तेल बाहेर येतं. पानं जळण्याचं हे नेहमीचं कारण. थंडीत बाटलीतलं तेल गोठलं असेल तर बाटली कोमट पाण्यात ठेवा.

*निंबोळी अर्क (५ टक्के):* ५० ग्रॅम वाळलेल्या निंबोळ्या कुटून थोड्या पाण्यात रात्रभर भिजत घाला. सकाळी फडक्यातून गाळा, २ ग्रॅम साबण मिसळा आणि एकूण १ लिटर करा. शेतासाठी सांगतात ते ५ किलो निंबोळी आणि १०० लिटर पाणी हेच प्रमाण आहे, फक्त कुंड्यांपुरतं कमी केलेलं.

*व्हर्टिसिलियम लेकॅनी:* माव्याला रोग लावणारी ही बुरशी पावडरच्या रूपात मिळते. साधारण ५ ग्रॅम प्रति लिटर हे प्रमाण वापरतात, पण पाकिटावरचं वाचूनच घ्या. तिला दमट हवा लागते, त्यामुळे घाटाजवळच्या हवेत ती चांगली काम करते. बुरशीनाशकाबरोबर ती कधीच मिसळू नका, तीच मरेल.

कोणतंही मिश्रण आधी दोन पानांवर मारून एक दिवस थांबा. पान करपलं नाही तरच पूर्ण झाडावर मारा. एकदा केलेलं मिश्रण त्याच दिवशी संपवा.

पंधरा दिवसांचं वेळापत्रक

- पहिला दिवस, सकाळ: फार भरलेले शेंडे खुडून टाका. बाकी झाडावर, विशेषतः पानांच्या मागे, पाण्याचा जोरदार फवारा मारा. खाली पडलेले बरेचसे मावे परत चढू शकत नाहीत.
- पहिला दिवस, संध्याकाळ: कडुनिंबाची किंवा साबणाची पहिली फवारणी.
- पाचवा किंवा सहावा दिवस: दुसरी फवारणी. झाड स्वच्छ दिसलं तरी ही चुकवू नका.
- दहावा किंवा अकरावा दिवस: शेंडे तपासा. मावा असेल तरच तिसरी.
- पंधरावा दिवस: पुन्हा तपासणी. मावा नसेल तर थांबा.

फवारणी संध्याकाळी करण्यामागे तीन कारणं आहेत. कडुनिंबातला अझाडिरॅक्टिन हा घटक उन्हात लवकर निकामी होतो, भर उन्हात तेलामुळे पानं भाजतात आणि संध्याकाळी मधमाश्या फुलांवर नसतात. फवारल्यावर काही तासांतच पाऊस आला तर ती फवारणी मोजू नका, उघडीप मिळताच पुन्हा करा.

काय एकत्र करायचं नाही?

गंधक आणि तेल एकत्र नको. गंधकाची फवारणी झाली असेल तर तेलासाठी किमान दोन आठवडे थांबा. तंबाखूचा काढाही टाळा. निकोटीन माणसालाही विषारी आहे आणि तंबाखूतून मिरची-टोमॅटोला विषाणूजन्य रोग लागू शकतो.

‘दोन औषधं एकत्र केली की दुप्पट असर’ हा समज तर धोकादायक आहे. २०१७ च्या पावसाळ्यात यवतमाळ जिल्ह्यात कापसावर फवारणी करताना विषबाधा होऊन वीसहून अधिक शेतकरी-शेतमजुरांचा जीव गेला. वेगवेगळी कीटकनाशकं एकत्र करून फवारण्याचा प्रश्न तेव्हा ऐरणीवर आला होता. परसातल्या चार झाडांसाठी, जिथे मुलं खेळतात आणि जिथली भाजी थेट ताटात येते, तिथे हा धोका पत्करण्यासारखा नाही. डब्यावरचा लाल त्रिकोण म्हणजे अत्यंत विषारी, हे लक्षात ठेवा. शेतातून उरलेलं औषध कुंडीत वापरू नका. मोनोक्रोटोफॉस भाजीपाल्यावर वापरायला तर २००५ पासून बंदी आहे.

फवारणी कधी करायचीच नाही?

फवारा हातात घेण्याआधी माव्याच्या आसपास कोण आहे ते बघा. लाल-नारिंगी पाठीवर काळे ठिपके असलेला ढालकिडा सगळ्यांना माहीत असतो. त्याची अळी मात्र काळपट, लांबट, छोट्या मगरीसारखी दिसते आणि लोक तिलाच कीड समजून चिरडतात. ती दिवसाला कितीतरी मावे फस्त करते. फुगलेले, तपकिरी, न हलणारे मावे दिसले तर त्यांच्या आत परोपजीवी गांधीलमाशीची अळी वाढत असते. हे दोन्ही दिसत असतील तर चार-पाच दिवस फक्त पाण्याचा फवारा मारा.

याचं मोठं उदाहरण याच पट्ट्यात घडलं. २००२ मध्ये सांगली भागात उसावर लोकरी मावा आला आणि कोल्हापूर-साताऱ्यासह कर्नाटकापर्यंत पसरला. उंच, दाट उसात फवारणी करणं कठीणच होतं. शेवटी डिफा आणि मायक्रोमस या मित्रकीटकांनी त्याला आवर घातला. हे कीटक शेतात सोडले गेले, जपले गेले आणि जिथे ते होते तिथे फवारणी टाळण्याचा सल्ला दिला गेला.

तरीही परत आला तर?

मुंग्या बघा. माव्याच्या अंगातून निघणाऱ्या गोड चिकट द्रवासाठी त्या माव्याची राखण करतात, ढालकिड्यांना हुसकावतात. त्याच चिकट द्रवावर पुढे काळी बुरशी चढते. कुंडीकडे येणारी मुंग्यांची वाट तोडली की निम्मं काम सोपं होतं. युरियाचा हातही आखडता घ्या. जास्त नत्राने येणारी कोवळी लुसलुशीत फूट माव्याला सगळ्यात आवडते.

एका बाबतीत मात्र फवारणी हरते. पपईच्या पानांवर पिवळे चट्टे आणि फळांवर गोल कडी दिसली, तर तो माव्याने आणलेला रिंगस्पॉट विषाणू असतो. मावा तो काही मिनिटांतच झाडात सोडतो, म्हणजे औषधाचा असर होण्याआधीच. त्यावर इलाज नाही. ते झाड लवकर काढून टाकलं तर शेजारची पपई वाचण्याची शक्यता राहते.