छत्तीसगडपेक्षा वयस्कर गाडी

पन्नाशी ओलांडलेली रायपूरची कुठलीही मोटार छत्तीसगडपेक्षा वयाने मोठीच. हे राज्य १ नोव्हेंबर २००० चे. गाडी १९५६ च्या आधीची असेल तर तिची राजधानी भोपाळही नव्हे, थेट नागपूर!

केंद्राने २०२१ मध्ये व्हिंटेज गाड्यांच्या नोंदणीचे नियम काढले. गाडी खासगी, ५० वर्षांहून जुनी आणि मूळ रूपातली हवी. जुना नंबर कायम ठेवता येतो. निषिद्ध फेरफारांत चासी, बॉडी, इंजिन यांची नावे आहेत. रंगाचे नाही, आणि घोळ तिथेच होतो. मालकाला हौस येते, गाडी डेंटिंग-पेंटिंगला जाते. वालचंद हिराचंदांच्या कुर्ल्याच्या कारखान्यातली फियाट असली, तर बॉनेटवर उन्हाने विटलेला, दाराच्या मुठीपाशी हात लागून लागून प्रायमरपर्यंत झिजलेला कारखान्याचा थर पॉलिश पेपरखाली जातो. तो पुन्हा मिळत नाही.

अमेरिकेत पेबल बीचच्या प्रदर्शनात २००१ पासून अशा अस्पर्श गाड्यांसाठी वेगळा गट आहे. आपल्याकडे अजून चकाकीलाच टाळ्या पडतात. खरे तर काम फार नाही: गंज रोखायचा, मेण चढवायचे आणि रायपूरच्या मे महिन्यात गाडी सावलीत ठेवायची.