राजाच्या नावाचं फुलपाखरू

१८१६ च्या नोव्हेंबरात 'रुरिक' नावाचं रशियन जहाज हवाई बेटांना लागलं. कप्तान होता ओट्टो फॉन कोत्झेबू. निसर्गशास्त्रज्ञ म्हणून सोबत आलेला आडेलबर्ट फॉन शामिसो मुळात कवी होता, आणि जहाजाचे डॉक्टर एश्शोल्ट्झ यांना किड्यांचं वेड होतं. चित्रकार लुई कोरिसनं राजा कामेहामेहाचं चित्र काढायला घेतलं, तेव्हा राजा उठून गेला आणि पांढरा सदरा व लाल जाकीट चढवून परत आला. त्या चित्राच्या प्रती आजही पाहायला मिळतात.

याच सफरीत सापडलेल्या एका नारिंगी-काळ्या फुलपाखराचं वर्णन एश्शोल्ट्झनं १८२१ मध्ये छापलं आणि त्याला राजाचं नाव दिलं: 'वानेसा तामेआमेआ'. राजा १८१९ मध्येच वारला होता. नावातला हा 'त' पाहून वाचक थबकतो. हवाईच्या भाषेत त्या काळी 'त' आणि 'क' यांत भेद मानत नसत. ज्याच्या कानाला जे लागलं ते त्यानं लिहिलं. पुढे १८२६ मध्ये मिशनऱ्यांनी लिपी ठरवताना 'क' ठेवला आणि 'त' गाळला. फुलपाखराचं शास्त्रीय नाव मात्र पहिल्यांदा छापलं गेलं तेच कायम राहतं. त्यामुळे राजाच्या काळातला तो उच्चार, निदान कागदावर, या कीटकाच्या नावात टिकून राहिला. इतिहासाची साधनं म्हटली की आपण ताम्रपट आणि बखरी शोधतो. मला या नावाचीही तितकीच किंमत वाटते.

आपल्याकडे दिसणारी 'पेंटेड लेडी' याच वानेसा प्रजातीतली. या कुळीतल्या अनेकींच्या अळ्या अंगाला झोंबणाऱ्या केसांच्या झुडपांवर वाढतात. हवाईतलं 'मामाकी' त्याच झुडपांचं भावंड, पण त्याला झोंबणारे केस नाहीत. तिथे मूळची ना गुरं होती ना शेळ्या. मामाकीची साल कुटून हवाईचे लोक कापड करत आणि पानांचा काढा पीत. लहान अळी पानाची कड कातरून ती दुमडते, रेशमानं शिवते आणि त्या तंबूत राहते. फुलपाखरू शोधणारे आधी हे तंबू शोधतात.

मग गुरं आली. १७९३ मध्ये कप्तान व्हँकुव्हरनं कामेहामेहाला गुरं भेट दिली आणि त्याच्याच सांगण्यावरून राजानं दहा वर्षं त्यांच्या हत्येवर बंदी घातली. ती मोकाट वाढली आणि रानात शिरली. ज्या राजाचं नाव फुलपाखराला मिळालं, त्याच्याच हुकमानं त्या फुलपाखराच्या रानात पहिलं तोंड घातलं गेलं. त्यात राजाला दोष देण्यात अर्थ नाही. बिनकाट्यांच्या झाडांची किंमत तेव्हा कुणालाच मोजायची नव्हती.

हवाई हा कॅलिफोर्नियापासून सुमारे ३,८०० किलोमीटरवरचा भूभाग. इतकं अंतर काटून मूळची म्हणावीत अशी फुलपाखरं तिथे दोनच. दुसरं लहानसं निळं, मुख्यतः 'कोआ'वर वाढणारं. कोकणात रस्त्याकडेला लावलेली ऑस्ट्रेलियन बाभूळ आठवा, कोयत्यासारख्या 'पानांची'. ती पानं नसून पसरट झालेले देठ असतात, कोआचंही तसंच. पतंग मात्र हजाराच्या आसपास जातींचे. त्यांतल्या काहींनी तर पान खाण्याची रीतच सोडली. १९७२ मध्ये स्टीव्हन माँटगोमेरी यांना अशा अळ्या आढळल्या, ज्या काटकीसारख्या स्थिर राहून जवळ आलेली माशी झडप घालून पकडतात.

या पतंगांची पहिली मोठी नोंद केली रॉबर्ट पर्किन्सनं. १८९२ मध्ये, पंचविशी नुकतीच ओलांडलेली असताना, रॉयल सोसायटी आणि ब्रिटिश असोसिएशनच्या समितीनं त्याला हवाईत पाठवलं. आठवडेच्या आठवडे तो रानात एकटा राही. त्याच्या आणि आधीच्या संग्रहांवरून 'फाउना हवाईएन्सिस' हा ग्रंथ १८९९ ते १९१३ या काळात भागाभागांनी निघाला. त्यातले मोठे पतंग वर्णिले इंग्लंडातल्या एडवर्ड मेरिक या शाळामास्तरानं. कारवारहून धाडलेल्या बारीक पतंगांना नावं देणारा हाच. सखल रानात परदेशी, मोठ्या डोक्याची मुंगी जिथे पोचली तिथले देशी कीटक नाहीसे होतात, हेही पर्किन्सनं तेव्हाच टिपून ठेवलं.

आणि हाच पर्किन्स पुढे ऊसमळेवाल्यांच्या संघटनेच्या कीटक विभागाचा प्रमुख झाला. ऊस वाचवायला परदेशी परजीवी कीटक आणून सोडायचे, हे तिथलं काम. अल्बर्ट कोबेले हा त्याचा सहकारी. १९०२ मध्ये कोबेलेनं मेक्सिकोतून घाणेरीचे शत्रू पाठवले, हीच आपल्या डोंगरांवर माजलेली घाणेरी. कीटक सोडून तणावर इलाज करण्याचा हा जगातला फार जुना मोठा प्रयोग. साखरेचं राज्य होतं, आणि उसाचं पान गुंडाळणाऱ्या काही अळ्या बेटाच्याच मूळ रहिवासी होत्या. त्याही 'कीड' ठरल्या.

या धोरणाचा हिशेब शंभर वर्षांनी लागला. काउआई बेटावरच्या अलाकाई दलदलीत, उसापासून दूर आणि उंचावर, देशी पतंगांच्या अळ्या गोळा करून हेनेमन आणि मेमट यांनी त्यांतून निघालेले परजीवी मोजले. २००१ मध्ये 'सायन्स'मध्ये आकडे आले: ८३ टक्के परजीवी मुद्दाम आणलेल्या जातींचे, १४ टक्के चुकून आलेल्यांचे, देशी फक्त ३ टक्के. आणलेले सगळे १९४५ च्या आधी सोडलेले. पर्किन्सला दुटप्पी म्हणावं असं मला वाटत नाही. रानात त्यानं जे पाहिलं ते खरं होतं आणि मळ्यात तो जे करत होता तेही त्याच्या काळाला धरून होतं. फक्त सोडलेला कीटक मळ्याचं कुंपण ओळखत नाही.

हवाईचा सर्वांत मोठा देशी कीटक म्हणजे ब्लॅकबर्नचा पतंग. पंख पसरून सुमारे १२ सेंटिमीटर. होनोलुलूत १८७६ ते १८८२ राहिलेल्या थॉमस ब्लॅकबर्न या पाद्र्याचं नाव त्याला मिळालं. याची अळी 'आइएआ'वर वाढे, हे वांगी-तंबाखूच्या कुळातलं झाड. मोठा पतंग ज्या फुलांचा मध पितो ती यादी वाचताना मी चकित झालो: मर्यादवेल, चित्रक, आणि रात्री उमलणारं 'माइआपिलो'. मर्यादवेल आपल्या किनाऱ्यावरच्या वाळूतली. तिच्या बिया समुद्रावर तरंगत जातात. चित्रक आपल्या आयुर्वेदातला. माइआपिलो तर वाघाटीचं सख्खं भावंड. आषाढी द्वादशीच्या पारण्याला आपण जिची भाजी करतो ती वाघाटी. ही झाडं तिथेही परकी नाहीत, मूळचीच आहेत.

१९७० च्या दशकात हा पतंग नामशेष समजला गेला. १९८४ मध्ये माउई बेटावर तो पुन्हा सापडला, आणि २००० मध्ये संकटग्रस्त म्हणून कायद्यानं संरक्षण मिळवणारा हवाईचा पहिला कीटक ठरला. आइएआ आता दुर्मीळ. अळ्यांनी दक्षिण अमेरिकेतून आलेल्या झाड-तंबाखूवर बस्तान बसवलं आहे. परकं तण उपटावं, तर त्यावर पतंग आहे. म्हणून जमीन साफ करण्याआधी तंबाखूच्या झाडावर अंडी किंवा अळी आहे का ते तपासावं, असं वन्यजीव खातं सांगतं. आणि एवढंही पुरत नाही, कारण पूर्ण वाढलेली अळी खाली उतरून मातीत शिरते आणि तिचा कोष तिथे वर्षभरही पडून राहू शकतो.