आठ रुपये आणि चारशे पौंड

दर जूनमध्ये आमच्या ऑफिसातली आठ-दहा टाळकी एक छोटा उद्योग करतात. वर्गणी काढायची आणि गावाकडून पुण्यात शिकायला आलेल्या दोन-तीन मुलांच्या मेसचे पैसे भरायचे. संस्था नाही, पावतीपुस्तक नाही. एक एक्सेल शीट आहे, ती सांभाळायचं काम माझ्याकडे.

२०२२ साली त्या शीटमध्ये डिप्लोमाच्या एका मुलाचं नाव आलं. अनुसूचित जातीच्या मुलांसाठी केंद्राची मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्ती असते, तिची उत्पन्नमर्यादा होती वर्षाला अडीच लाख. याच्या वडिलांच्या दाखल्यावर आकडा होता दोन लाख बासष्ट हजार. फी माफ झाली, पण निर्वाह भत्ता हुकला. बारा हजारांनी.

नेमकं त्याच दिवशी जेवताना एकाने मोबाईलवर आलेलं ते सुप्रसिद्ध फॉरवर्ड वाचून दाखवलं. संसदेच्या कँटीनमध्ये जेवण किती स्वस्त, वगैरे. खरं तर ती सबसिडी बंद करायचा निर्णय जानेवारी २०२१ मध्येच झाला होता. मी तसं म्हणालो, तर गाडी पगार, पेन्शन, रेल्वेचा पास अशी स्टेशनं घेत शेवटी येऊन थांबली, "मुळात यांना पगार द्यायचाच कशाला? देशसेवा फुकट करा ना!" सगळ्यांनी माना डोलावल्या. मीही. पण प्रश्न काही डोक्यातून जाईना, म्हणून शनिवार-रविवार त्यातच घातला.

तर मंडळी, फुकट देशसेवा करणारी संसद होऊन गेलेली आहे. एकोणिसाव्या शतकातलं ब्रिटनचं हाऊस ऑफ कॉमन्स. तिथे खासदाराला दमडी मिळत नसे. साहजिकच ज्याच्या घरी जमीनजुमला नाहीतर गिरणी, त्यालाच हे परवडायचं. म्हणून १८३८ साली चार्टिस्ट चळवळीने ज्या सहा मागण्या केल्या, त्यातली एक होती खासदारांना पगार द्या! म्हणजे ही मागणी नेत्यांची नव्हे, कामगारांची. मजुरी सोडून सभागृहात बसायचं, तर घरची चूल कशी पेटणार?

१८९२ च्या निवडणुकीत दोन वेगळी माणसं या सभागृहात पोचली. एक केर हार्डी, दहाव्या वर्षी कोळशाच्या खाणीत कामाला लागलेला. दुसरे आपले दादाभाई नौरोजी. दादाभाईंचे वडील ते चार वर्षांचे असताना गेले. मुंबईत शाळा फुकट होती म्हणून आई त्यांना शिकवू शकली, हे त्यांनी स्वतःच सांगून ठेवलंय. १८८२ साली हंटर कमिशनपुढे त्यांनी मोफत प्राथमिक शिक्षणाची मागणी केली ती काही पुस्तकात वाचून नव्हे.

पुढे मजूर पक्षाच्या खासदारांचा खर्च कामगार संघटनांच्या वर्गणीतून चालू लागला. आमच्या एक्सेल शीटचीच मोठी आवृत्ती म्हणा ना. १९०९ साली ऑस्बोर्न खटल्यात निकाल आला की संघटनांना राजकारणासाठी असा पैसा वापरता येणार नाही. वर्गणीवरची व्यवस्था अशी एका निकालात कोसळते. अखेर ऑगस्ट १९११ मध्ये खासदारांना वर्षाला चारशे पौंड द्यायचं ठरलं.

गंमत म्हणजे त्याच वर्षी मार्चमध्ये कलकत्त्याच्या कायदेमंडळात गोपाळ कृष्ण गोखल्यांनी प्राथमिक शिक्षणाचं विधेयक मांडलं होतं. गोखले हा माणूस आठ रुपयांवर उभा राहिलेला. वडील गेल्यावर थोरल्या भावाने, गोविंदरावांनी, शिक्षण सोडून पंधरा रुपयांची नोकरी धरली आणि त्यातले आठ रुपये ते दरमहा गोपाळला पाठवत. उरलेल्या सात रुपयांत सगळं घर. पुढे एल्फिन्स्टन कॉलेजात वीस रुपयांची शिष्यवृत्ती मिळाली तेव्हा कुठे भावाचा भार हलका झाला.

गोखल्यांच्या विधेयकात एक कलम होतं. ज्या पालकांचं उत्पन्न महिना दहा रुपयांपेक्षा कमी, त्यांच्या मुलांना फी माफ. हे वाचताना मी थबकलोच. पंधरा रुपयेवाले गोविंदराव या मर्यादेच्या बाहेर गेले असते! रेघ ओढली की कोणीतरी बारा हजारांनी नाहीतर पाच रुपयांनी पलीकडे राहतंच. अर्थात ती रेघही सरकारला जड झाली. मार्च १९१२ मध्ये विधेयक ३८ विरुद्ध १३ मतांनी पडलं.

सांगायचा मुद्दा असा, की शिष्यवृत्ती आणि खासदाराचा पगार या दोन्ही गोष्टी मुळात एकाच कारणासाठी जन्मल्या. गरिबीमुळे कोणी दाराबाहेर राहू नये. एक दार शाळेचं, दुसरं कायदेमंडळाचं. म्हणून "पगार द्यायचाच कशाला" हे मला आता पटत नाही. पगार काढून घ्या, उद्या फक्त बिल्डर निवडून येतील. (आत्ताही येतात म्हणा, पण निदान दुसऱ्यांना सोय आहे.)

राग यावा अशी जागा वेगळीच आहे. आपल्या राज्यघटनेच्या कलम १०६ प्रमाणे खासदारांचा पगार संसदच कायद्याने ठरवते. १९५४ साली तो महिना चारशे रुपये होता. १९७६ मध्ये पेन्शन आली. २०१० मध्ये पगार सोळा हजारांवरून पन्नास हजार झाला, २०१८ मध्ये एक लाख. त्याच वेळी दर पाच वर्षांनी महागाईच्या निर्देशांकाप्रमाणे तो आपोआप वाढेल अशी सोयही झाली. त्या हिशेबाने एप्रिल २०२३ पासून तो एक लाख चोवीस हजार धरला गेला. आणि शिष्यवृत्तीची ती अडीच लाखांची मर्यादा? ती २०१३ ची. २०२१ मध्ये योजना सुधारली तेव्हाही तेवढीच ठेवली.

आमच्या धंद्याच्या भाषेत सांगायचं तर एका ठिकाणी व्हेरिएबल, दुसऱ्या ठिकाणी हार्डकोड. आकडा महागाईबरोबर सरकला पाहिजे ही अक्कल व्यवस्थेला आहे. फक्त ज्यांचा आकडा, ते आत बसलेले असले तरच ती सुचते.

असो. त्या मुलाचा डिप्लोमा झाला, नोकरी लागली. गेल्या जूनमध्ये त्याने स्वतःहून वर्गणी पाठवली. मी शीटची लिंक दिली, तर तासाभरात फोन.

"दादा, एक विचारू? मेसचा दर केव्हाचा वाढलाय. आपल्या शीटमध्ये रक्कम अजून माझ्या वेळचीच आहे."

मी शीट उघडून पाहिली. खरंच होतं. तीन वर्षं तो कॉलम मी नुसता कॉपी-पेस्ट करत आलो होतो.